घोरण्यामागचा अडलेला श्वास

रात्री साडेबाराचा सुमार. घाटकोपरमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीतले घर. दिवसभर मस्जिद बंदरच्या पेढीवर व्यापार सांभाळून आलेला घरचा कर्ता पुरुष गाढ झोपला आहे. त्याच्या घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीतील मुलांच्याही सवयीचा झालेला. मध्येच तो आवाज अचानक थांबतो. खोलीत शांतता पसरते. शेजारी जागी असलेली पत्नी नकळत मनात आकडे मोजू लागते : दहा, पंधरा, वीस. मग घशातून एक घुसमटलेला मोठा आवाज येतो, शरीराला झटका बसतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते. सकाळी नवकारशीच्या वेळी याच गोष्टीवरून थट्टा होते. ज्याची थट्टा होते त्याला रात्रीचे काहीच आठवत नाही. जिने ते क्षण मोजले, तिला मात्र या थट्टेत मनापासून हसता येत नाही.

हे दृश्य मुलुंड, बोरिवली, अंधेरी अशा कोणत्याही उपनगरातले असू शकते. त्याची दुसरी बाजू दिवसा दिसते. सात-आठ तास झोपूनही सकाळी डोके जड असते. दुपारी गादीवर जमाखर्च पाहता पाहता डोळा लागतो. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मान कलते आणि उतरायचे स्थानक मागे पडते. व्याख्यानाला बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच डुलकी येते. घरचे म्हणतात, ‘कामाचा थकवा आहे.’ थकवा खराच असतो. परंतु मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दिवसा पेंग येणे ही तीन लक्षणे एकत्र असतील, तर ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ या विकाराची तपासणी व्हायला हवी. दातांवर बसणाऱ्या एका लहानशा साधनाने यावर उपचार करता येतो, ही गोष्ट अजून फारशा कुटुंबांपर्यंत पोहोचलेली नाही. त्या साधनाचा लाभ कोणाला होतो, किती होतो आणि तो कोणत्या क्रमाने घ्यावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

जुहूतील एक मृत्यू

१५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे जुहू येथील क्रिटीकेअर रुग्णालयात निधन झाले. ते ६९ वर्षांचे होते. सुमारे महिनाभर रुग्णालयात उपचार घेऊन ते आदल्याच दिवशी घरी परतले होते. त्यांच्या निधनाचे कारण सांगताना डॉक्टरांनी ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचा स्पष्ट उल्लेख केला, आणि तोवर केवळ रुग्णालयांच्या कागदपत्रांत असलेले हे नाव दुसऱ्या दिवशी सर्व वर्तमानपत्रांत छापून आले. लाहिरी यांना छातीचा वारंवार होणारा संसर्ग आणि इतरही व्याधी होत्या. त्यामुळे घोरणाऱ्या प्रत्येकाने त्या बातमीने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र घोरणे हा केवळ विनोदाचा विषय नाही, एवढा बोध त्या बातमीने मुंबईकरांना नक्कीच दिला.

घशात नेमके काय घडते

‘ॲप्निया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ श्वास नसणे. जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, मानेभोवती चरबी आहे, खालचा जबडा लहान किंवा मागे आहे, त्यांची जीभ आणि पडजिभेजवळचा मऊ भाग मागे सरकून श्वासाची वाट अडवतो. वाट अर्धवट अडली की घोरण्याचा आवाज होतो. पूर्ण अडली की आवाजच थांबतो. छाती आणि पोट श्वासासाठी धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही.

हा अडथळा किमान दहा सेकंद टिकला तर वैद्यक त्याला ॲप्निया म्हणते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू धोक्याची सूचना देतो, झोप क्षणभर मोडते, स्नायू ताठ होतात आणि श्वास सुरू होतो. हे जागे होणे इतके अल्प असते की सकाळी ते स्मरत नाही. तीव्र विकारात असे प्रकार तासाला तीस किंवा अधिक वेळा होतात. म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून अधिक वेळा शरीर गुदमरते आणि सावरते. प्रत्येक वेळी हृदयाची गती आणि रक्तदाब उसळी घेतात. उपचार न केलेल्या स्लीप ॲप्नियाचा उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात आणि मधुमेह यांच्याशी संबंध आढळतो, तो यामुळेच. गाडी चालवताना येणारी डुलकी हा तर स्वतःसह इतरांच्याही जिवाला धोका.

मुंबईच्या व्यापारी माणसाची आकडेवारी

हा विकार पाश्चात्त्य, लठ्ठ माणसांचा आहे असा समज पूर्वी होता. तो मुंबईतच दूर झाला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ मध्ये अमेरिकेतील एका मान्यवर श्वसनविज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारण्यात आले, आणि त्यांपैकी २५० जणांच्या झोपेची घरीच रात्रभर नोंद घेण्यात आली. त्यावरून काढलेल्या अंदाजानुसार झोपेत श्वास अडण्याचा दोष १९.५ टक्के पुरुषांत होता, आणि त्यासोबत दिवसा पेंग येण्याचे लक्षण ७.५ टक्क्यांत होते. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह यांचा या दोषाशी ठळक संबंध दिसला.

ही मंडळी आजारी म्हणून रुग्णालयात आली नव्हती. मध्यमवयीन, शहरी, बैठे काम करणारी, वाढत्या वजनाची आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसे कोणत्याही बाजारपेठेत, कोणत्याही पेढीवर भेटतात. आपल्या घरांतून मद्य वर्ज्य असते, अनेक जण सूर्यास्तापूर्वी जेवतात. मद्याने घशाचे स्नायू अधिक सैल पडतात. तेव्हा एक कारण तरी आपोआप टळते. परंतु जबड्याची ठेवण, तूप-फरसाणाने वाढलेले वजन आणि वय ही कारणे व्रतस्थ माणसालाही चुकत नाहीत. सडपातळ व्यक्तींना आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांनाही हा विकार होतो. स्त्रिया घोरण्याविषयी संकोचाने बोलत नाहीत, त्यामुळे त्यांचे निदान आणखी मागे पडते.

आधी तपासणी, मग उपचार

निदानाची पहिली पायरी घरीच सुरू होते. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीने पाहिलेले वर्णन, शक्य असल्यास मोबाइलवर घेतलेली चित्रफीत, रक्तदाबाचा इतिहास आणि मानेचा घेर एवढी माहिती घेऊन डॉक्टरांकडे जावे. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरली जाते. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, सभेत बसल्यावर, प्रवासात अशा आठ प्रसंगी डोळा लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. एकूण २४ पैकी दहाहून अधिक गुण झाले तर दिवसाची पेंग सामान्य मर्यादेपलीकडची समजतात.

निश्चित निदान मात्र झोपेच्या तपासणीनेच होते. रुग्णालयात रात्रभर झोपून केलेल्या तपासणीत मेंदूच्या लहरी, श्वास, प्राणवायू आणि हृदयाचे ठोके यांची नोंद होते. निवडक रुग्णांत लहान यंत्र देऊन घरीही तपासणी करता येते. तासाला श्वास किती वेळा अडला किंवा उथळ झाला, त्या सरासरीला ‘एएचआय’ म्हणतात. प्रौढांत पाचपेक्षा कमी आकडा सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० वा त्याहून अधिक तीव्र. पुढचा सारा निर्णय या आकड्याभोवती फिरतो. तपासणीचा अहवाल न पाहता कोणी थेट दातांचे साधन देऊ केले, तर ते विनम्रपणे नाकारावे.

श्रेष्ठ यंत्र, पण कपाटात

१९८१ मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याची पद्धत जगासमोर मांडली. हेच ‘सीपॅप’ यंत्र. मध्यम आणि तीव्र विकारावर आजही तेच सर्वांत प्रभावी मानले जाते, आणि ज्यांना ते मानवते त्यांनी ते मुळीच सोडू नये.

अडचण असते ती रोजच्या वापराची. नाकावर मुखवटा, त्याला जोडलेली नळी, विजेची गरज, कोरडे पडणारे तोंड, आणि ‘मी आजारी दिसतो’ ही मनातील सल. काही रुग्ण पहिल्या आठवड्यांतच कंटाळतात आणि हजारो रुपयांचे यंत्र कपाटात जाते. अशा वेळी आधी मुखवटा बदलून, हवेचा दाब नीट करून, आर्द्रता वाढवून पाहावी. बऱ्याच तक्रारी एवढ्याने मिटतात. त्यानंतरही यंत्र मानवत नसेल, तर मुखसाधनाचा विचार पुढे येतो.

दातांवरचे साधन काय करते

बेशुद्ध माणसाचा श्वास अडला तर डॉक्टर त्याचा खालचा जबडा पुढे ओढतात. जबड्याबरोबर जीभ पुढे येते, घशाच्या बाजूच्या भिंती ताणल्या जातात आणि वाट मोकळी होते. मुखसाधन हेच काम रात्रभर हलकेपणाने करते. वरच्या आणि खालच्या दातांवर घट्ट बसणारे दोन साचे असतात. ते एकमेकांना अशा रीतीने जोडलेले असतात की झोपेत खालचा जबडा काही मिलिमीटर पुढेच राहावा. वीज नाही, आवाज नाही, नळी नाही. कल्पनाही नवी नाही. पॅरिसचे दंतवैद्य पिएर रोबाँ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच जबडा पुढे धरणारे असे साधन वर्णिले होते.

चांगले साधन तयार दुकानात मिळत नाही. ते मापाने घडवावे लागते. झोपविकारांचे प्रशिक्षण घेतलेला दंतवैद्य प्रथम दात, हिरड्या आणि कानाजवळचा जबड्याचा सांधा तपासतो. मग दातांचे ठसे किंवा डिजिटल स्कॅन घेतो. रुग्ण जबडा जास्तीत जास्त किती पुढे आणू शकतो हे मोजून, बहुधा त्याच्या निम्म्या ते दोन तृतीयांश अंतरावर सुरुवात होते. नंतर काही आठवडे स्क्रूने किंवा पट्ट्या बदलून जबडा थोडा थोडा पुढे नेला जातो. घोरणे कमी होते, सकाळ ताजी वाटते आणि सांधा दुखत नाही, असा मधला बिंदू शोधणे हे या उपचारातले खरे कौशल्य आहे. शिवणकामातला कपडा अंगावर घालून पुन्हा पुन्हा बेतावा, तसेच हे काम.

लाभ किती, मर्यादा कोणत्या

अमेरिकेतील निद्रावैद्यक आणि दंतनिद्रावैद्यक या दोन संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ज्या प्रौढ रुग्णांना सीपॅप सहन होत नाही किंवा जे दुसरा उपचार पसंत करतात, त्यांना मुखसाधन द्यावे. ते मापाने घडवलेले आणि पुढे-मागे करता येणारे असावे, असे त्यांत म्हटले आहे.

सिडनीतच झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच रुग्णांना एक महिना सीपॅप आणि एक महिना मुखसाधन देण्यात आले. श्वास अडण्याचे प्रमाण कमी करण्यात सीपॅप स्पष्टपणे सरस ठरले. पण रुग्णांच्या सांगण्यानुसार सीपॅपचा वापर रात्री सरासरी ५.२ तास आणि मुखसाधनाचा ६.५ तास झाला. दिवसाची पेंग आणि जीवनमान यांतील सुधारणा दोन्हींत जवळपास सारखीच दिसली. प्रभावी औषध अर्धी रात्र, की थोडे कमी प्रभावी औषध रात्रभर, असा हा हिशेब. व्यापाऱ्याला तो चटकन समजेल : कागदावरचा नफा वेगळा आणि हातात येणारा वेगळा.

तरीही हा उपचार सर्वांना लागू पडत नाही. ठोकळमानाने एक तृतीयांश रुग्णांत विकार जवळजवळ पूर्ण आटोक्यात येतो, एक तृतीयांशांत बराच कमी होतो आणि उरलेल्यांत फारसा फरक पडत नाही. सौम्य ते मध्यम विकार, कमी वजन आणि पाठीवर झोपल्यावरच वाढणारा त्रास असेल, तर यशाची शक्यता अधिक. दात फार कमी उरले असतील, हिरड्या खिळखिळ्या असतील, जबड्याच्या सांध्याचा जुना आजार असेल, तर साधन बसवता येत नाही. मेंदूकडून श्वासाचा आदेशच न येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या ॲप्नियात त्याचा उपयोग नाही. तीव्र विकारात, विशेषतः प्राणवायू फार खाली जात असेल तर, सीपॅपचाच प्रयत्न आधी झाला पाहिजे. घोरणाऱ्या लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात बहुधा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेले असतात, म्हणून त्यांना बालरोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्यावे.

सुरुवातीला लाळ सुटणे, तोंड कोरडे पडणे, सकाळी दात आणि जबडा दुखणे हे त्रास होतात आणि बहुतेकांत ते कमी होत जातात. काही वर्षांच्या वापराने मात्र दातांची ठेवण थोडी बदलू शकते : वरचे पुढचे दात किंचित आत कलतात, खालचे बाहेर येतात, दाढा पूर्वीसारख्या एकमेकींवर टेकत नाहीत. यासाठी सकाळी साधन काढल्यावर जबडा मूळ जागी आणणारा लहान साचा काही मिनिटे चावून ठेवायला सांगतात. नियमित दंततपासणी याच कारणाने आवश्यक असते.

शांत झोप म्हणजे बरी झोप नव्हे

या उपचारात सर्वांत अधिक होणारी चूक शेवटच्या पायरीवर होते. साधन बसते, घोरणे थांबते, घर शांत झोपते आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. परंतु आवाज थांबणे आणि श्वास सुरळीत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधनाने घोरण्याचा आवाज दबतो आणि श्वास मात्र पूर्वीइतकाच अडत राहतो, असे काही रुग्णांत घडते. पूर्वी पत्नीला जागे करणारी धोक्याची घंटाच अशा वेळी बंद पडलेली असते.

म्हणून साधन योग्य बिंदूवर स्थिरावल्यानंतर, ते तोंडात ठेवूनच झोपेची तपासणी पुन्हा करावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पहिला एएचआय आणि दुसरा एएचआय शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय या उपचाराचा ताळेबंद पूर्ण होत नाही. ऑनलाइन मिळणारी, गरम पाण्यात मऊ करून चावायची स्वस्त साधने याच ठिकाणी फसवी ठरतात : त्यांच्यामागे ना पहिली तपासणी असते, ना दुसरी.

दंतवैद्याला आधीच विचारण्याजोगे प्रश्न मोजकेच आहेत. झोपेच्या तपासणीचा अहवाल आपण पाहिला का? साधन टप्प्याटप्प्याने पुढे नेता येते का? फेरभेटी, दुरुस्ती आणि सकाळचा साचा सांगितलेल्या खर्चात आहेत का? दुसरी तपासणी कधी, आणि तिचा अहवाल निद्रातज्ज्ञ पाहतील का? ही उत्तरे लेखी घ्यावीत. आरोग्यविम्यात यांपैकी काय बसते तेही आधी विचारावे. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय येथे चौकशी करता येईल.

व्रत, यात्रा आणि निगा

आपल्या घरांच्या दिनक्रमात काही गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवाव्या लागतात. उकळलेले पाणी वापरण्याची पद्धत असलेल्या घरांत साधन त्याच गरम पाण्याने धुण्याचा मोह होतो. तसे करू नये. उष्णतेने साचा वाकतो आणि मग तो दातांवर नीट बसत नाही. पाणी पूर्ण थंड झाल्यावर, मऊ ब्रशने साधन धुवावे. दातांच्या पेस्टने त्यावर ओरखडे पडतात, म्हणून साधा सौम्य साबण पुरेसा. दिवसा ते हवेशीर डबीत ठेवावे. कोरडे ठेवायचे की ओलसर, हे साहित्यावर अवलंबून असल्याने दंतवैद्याला विचारून घ्यावे.

चौविहार करणाऱ्यांनी दात आणि साधन दोन्ही सूर्यास्तापूर्वीच स्वच्छ करून ठेवावीत; रात्री कोरडे साधन बसवता येते. साधनातून पोटात काही जात नाही. तरीही प्रत्याख्यानाविषयी मनात शंका असेल तर गुरुमहाराजांना विचारून ती दूर करावी, पण शंकेपोटी उपचार परस्पर बंद करू नये. पर्युषणातील तपाच्या दिवसांतही श्वास रोजच्यासारखाच अडतो.

शिखरजी किंवा पालिताण्याच्या यात्रेत या साधनाची सोय विशेष जाणवते. धर्मशाळेत पलंगाजवळ विजेचे बटण असो वा नसो, डबी खिशात मावते. सीपॅप वापरणाऱ्यांपैकी काहींना म्हणूनच डॉक्टर प्रवासापुरते मुखसाधन सुचवतात. एक सूचना मात्र सर्वांसाठी : कोणतीही शस्त्रक्रिया होणार असेल, तर स्लीप ॲप्निया असल्याचे भूलतज्ज्ञांना आधी सांगावे आणि साधन किंवा यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे.

वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळी न घेणे आणि चोंदलेल्या नाकावर उपचार करणे ही पथ्ये साधनाबरोबरही पाळायचीच आहेत. वजनात मोठी घट किंवा वाढ झाली, तर तपासणी पुन्हा करावी लागते.

श्वास मोजणाऱ्या व्यक्तीचे ऐकावे

या विकाराचा पहिला साक्षीदार रुग्ण स्वतः कधीच नसतो. ती साक्ष बहुधा पत्नीची, कधी आईची, कधी यात्रेत शेजारी झोपलेल्या मित्राची असते. ‘तुमचा श्वास रात्री थांबतो’ असे ती व्यक्ती सांगते तेव्हा तो टोमणा नसून वैद्यकीय माहिती असते. डॉक्टरांच्या भेटीला तिला सोबत न्यावे. तिच्या दोन वाक्यांनी अर्धे निदान पुढे सरकते. आणि साधन बसल्यावर, दुसऱ्या तपासणीचा अहवाल हाती आल्यावर, तो प्रथम तिलाच दाखवावा. इतकी वर्षे अंधारात आकडे मोजत जागलेल्या त्या माणसालाही निर्धास्त झोपेचा तेवढाच अधिकार आहे.